शर्यतीचा बैल आणि उसाचा बैल : पशुकल्याणविषयक लोकदृष्टीची समीक्षा
(विशेष संदर्भ : वरकुटे व इंदापूर-बारामती परिसर)

प्रस्तावना

महाराष्ट्रात पशुकल्याणाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेच्या अग्रभागी आला तो बहुधा दोन निमित्तांनी. एक म्हणजे बैलगाडा शर्यत आणि दुसरे म्हणजे गोवंश हत्याबंदी. पहिल्या वादात बैल धावताना दिसतो, तर दुसऱ्या वादात तो मरणाच्या दारात उभा असतो. या दोन क्षणांच्या मध्ये बैलाचे जे दीर्घ आयुष्य असते, ते कष्टाचे असते. त्या कष्टासंबंधी मात्र बाजू घेणारा पक्ष नाही, मोर्चा नाही आणि घटनापीठही नाही.

इंदापूर तालुक्यातील वरकुटे आणि त्याच्या आसपासची गावे हे वैगुण्य समजून घेण्यासाठी उपयुक्त ठरतात. नीरा डावा कालवा आणि उजनीचा जलाशय यांच्या पाण्याने या तालुक्याचे रूप पालटले. भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना, कर्मयोगी शंकरराव पाटील सहकारी साखर कारखाना, नीरा-भीमा कारखाना आणि शेजारच्या बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर हे कारखाने यांमुळे हा सारा मुलूख उसाचा झाला. अशा मुलखात एकाच वर्षात बैलाची तीन रूपे पाहायला मिळतात. पोळ्याला शिंगे रंगवून, झूल पांघरून मिरवणारा बैल, फ्लेक्सच्या फलकावर नावानिशी झळकणारा शर्यतीचा बैल आणि हंगामात उसाची गाडी ओढत कारखान्याच्या रस्त्याने जाणारा बैल. पहिल्या दोघांना नाव असते. तिसऱ्याला बहुधा फक्त ओझे असते.

प्रस्तुत लेखात पशुकल्याणासंबंधीची जागतिक दृष्टी, महाराष्ट्रातील पारंपरिक लोकदृष्टी आणि शर्यतीच्या वादातून व्यक्त झालेली न्यायालयीन दृष्टी यांचा क्रमाने परामर्श घेऊन, या तिन्ही दृष्टींतून निसटलेल्या कष्टकरी बैलाचा विचार केला आहे. पशुकल्याणाची कसोटी सणाच्या किंवा शर्यतीच्या दिवशी लागत नसून कामाच्या दिवशी लागते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

जागतिक दृष्टी : वेदनेचे मोजमाप

पाश्चात्त्य जगात प्राण्यांविषयीच्या आधुनिक विचाराचा आरंभ सामान्यतः जेरेमी बेंथॅम या इंग्रज विचारवंतापासून मानला जातो. प्राणी विचार करू शकतात की नाही यापेक्षा त्यांना वेदना होते की नाही हा प्रश्न महत्त्वाचा आहे, अशी भूमिका त्याने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडली. पुढे १८२२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुराढोरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा केला आणि १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. या पहिल्या कायद्याच्या नजरेसमोर रस्त्यावर राबणारे घोडे आणि बाजाराकडे हाकलली जाणारी गुरे होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आरंभी प्रश्न कष्टाचाच होता.

विसाव्या शतकात हे केंद्र बदलले. ट्रॅक्टर आणि मोटार आल्यावर युरोपातील शेतातून व रस्त्यावरून कामाचे जनावर जवळजवळ नाहीसे झाले. त्याची जागा बंदिस्त गोठ्यातील, पिंजऱ्यातील जनावराने घेतली. रूथ हॅरिसन यांनी १९६४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने कारखानी पशुपालनाचे भीषण चित्र इंग्रज वाचकापुढे ठेवले. त्यानंतर सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीचा अहवाल १९६५ मध्ये आला आणि त्यातूनच पुढे, १९७९ मध्ये, सुप्रसिद्ध 'पाच स्वातंत्र्ये' निश्चित झाली. भूक व तहान यांपासून मुक्तता, गैरसोयीपासून मुक्तता, वेदना, इजा व रोग यांपासून मुक्तता, स्वाभाविक वर्तनाचे स्वातंत्र्य आणि भय व ताण यांपासून मुक्तता, असे त्यांचे स्वरूप आहे.

या विचाराला युरोपात व्यापक लोकमान्यता मिळाली. युरोपीय संघाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकमत पाहणीत पाळीव पशूंच्या कल्याणाचे संरक्षण महत्त्वाचे आहे असे मानणाऱ्यांचे प्रमाण ९४ टक्के होते. कोंबड्यांचे जुन्या पद्धतीचे पिंजरे २०१२ पासून तेथे बंद झाले. तरीही युरोपातही परंपरेचा प्रश्न सुटलेला नाही. २००९ मध्ये अमलात आलेल्या लिस्बन कराराने प्राणी संवेदनक्षम असल्याचे मान्य केले, परंतु त्याच कलमात धार्मिक विधी, सांस्कृतिक परंपरा आणि प्रादेशिक वारसा यांचा आदर राखण्याची तरतूदही केली. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताने २०१० मध्ये बैलझुंजीवर बंदी घातली. ती २०१६ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने रद्द ठरविली. या झुंजींना राष्ट्रीय कायद्याने सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिलेला असल्यामुळे एका प्रांताला त्यांवर बंदी घालता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. महाराष्ट्र आणि तमिळनाडू येथील वाद हा केवळ भारतीय मागासलेपणाचा प्रकार आहे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. पाच स्वातंत्र्यांच्या यादीत अतिश्रमापासून मुक्ततेचा स्वतंत्र उल्लेख नाही. ही यादी ज्या समाजात तयार झाली, तेथे जनावर काम करीत नव्हते. ते मांस, दूध आणि अंडी देत होते. त्यामुळे वेदनेच्या सर्वसाधारण कलमात अतिश्रमाचा अंतर्भाव करता येत असला, तरी जूखालचा बैल हा या मोजपट्टीचा मूळ विषय नाही. हीच मोजपट्टी भारतात आली तेव्हा ती डोळ्यांत भरणाऱ्या वेदनेला लागली आणि रोजच्या ओझ्याला लागायची राहून गेली.

महाराष्ट्रातील लोकदृष्टी : नाते आणि मान

प्राण्यांविषयीची कणव महाराष्ट्राला बाहेरून शिकावी लागली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८३२ मध्ये मुंबईत सरकारी आज्ञेने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाजाच्या पुढाकाराने शहरात दंगल व हरताळ झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या प्रयत्नांतून मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. विलायती धर्तीची प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था मुंबईत १८७४ मध्ये आली, म्हणजे पांजरापोळानंतर चाळीस वर्षांनी.

ग्रामीण महाराष्ट्रात या कणवेचे स्वरूप दयेपेक्षा नात्याचे आहे. पुणे जिल्ह्याच्या अनेक भागांत भाद्रपद अमावास्येला पोळा साजरा होतो. त्या दिवशी बैलाला न्हाऊ-माखू घातले जाते, पुरणपोळीचा घास दिला जातो आणि त्याच्या खांद्यावर जू ठेवले जात नाही. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग बारामती व इंदापूर तालुक्यांतूनच जातो. रथाला बैलजोडी जुंपण्याचा मान मिळणे ही शेतकऱ्याला आयुष्याची धन्यता वाटते. काटेवाडी येथे धनगर बांधव पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण घालतात आणि बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व धावतो. या साऱ्यांत जनावर हे कुटुंबाचा, गावाचा आणि भक्तिसोहळ्याचाही घटक आहे.

नात्याची ही भावना किती प्रबळ असते, याचा प्रत्यय २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी येथे आला. तेथील जैन मठातील 'महादेवी' ही हत्तीण तिच्या प्रकृतीच्या व हालअपेष्टांच्या कारणावरून गुजरातमधील केंद्रात हलविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. तिला निरोप देताना गाव रडले आणि नंतर मोठ्या संख्येने लोक रस्त्यावर उतरले. न्यायालयापुढील प्रश्न होता, हत्तिणीला वेदना होते काय? लोकांचा प्रश्न होता, ती आमची नव्हे काय? दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते, पण ते एकमेकांना छेदत नव्हते.

नात्याच्या दृष्टीची मर्यादा येथेच दिसते. नाते आहे म्हणून वेदना नाही, असा निष्कर्ष त्यातून सहज काढला जातो. तथापि लोकपरंपरा इतकी भाबडी नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी होणारी खांदेमळणी याची साक्ष देते. बैलाच्या खांद्याला तूप, तेल, हळद लावून तो चोळण्याचा हा विधी आहे. जूच्या घर्षणाने खांदा सुजतो, कातडी निबर होते, कधी जखम होऊन चिघळते. हे शेतकऱ्याला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असल्याची कबुली त्याने सणाच्या आरंभीच ठेवली. खांदेमळणी हा कृतज्ञतेचा उपचार आहे, तितकाच तो कष्टातून झालेल्या इजेचा स्वीकारही आहे. परंपरेचे समर्थन करणारे आज पोळ्याच्या मिरवणुकीविषयी भरभरून बोलतात, परंतु खांदेमळणीचा अर्थ क्वचितच सांगतात.

एकोणिसाव्या शतकात बैलाचा विचार श्रमाच्या अंगाने करणारा थोर विचारवंत महाराष्ट्रात होऊन गेला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात बैलांचा तुटवडा आणि शेतकऱ्याची दुरवस्था यांचा संबंध जोडला आहे. बैलाची हानी ही त्यांच्या दृष्टीने कुणब्याच्या शेतीची हानी होती. जनावराचे हित आणि त्याला हाकणाऱ्याचे हित एकत्र पाहण्याची ही दृष्टी नंतरच्या वादांत विरळ झाली.

न्यायालयीन दृष्टी : शर्यतीचा वाद

प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा १८९० चा कायदा अपुरा असल्याचे सांगून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्या प्रयत्नाची परिणती १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात झाली आणि १९६२ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळ अस्तित्वात आले. या कायद्याच्या २२ व्या कलमाखाली केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. त्यातून महाराष्ट्रातील शर्यती अडचणीत आल्या.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोन्हींना मनाई केली. या निर्णयात पाच स्वातंत्र्यांचा आधार घेण्यात आला होता. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी नाही, शर्यतीसाठी त्याला भय आणि वेदना यांच्या बळावर पळवावे लागते, असे न्यायालयाचे प्रतिपादन होते. त्यानंतर केंद्राची २०१६ ची अधिसूचना व तिला मिळालेली स्थगिती, जानेवारी २०१७ मधील तमिळनाडूतील आंदोलन, त्याच वर्षी महाराष्ट्राने केलेली कायद्यातील दुरुस्ती, तिला मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली सशर्त परवानगी असे टप्पे आले. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. एखादा प्रकार संस्कृतीचा भाग आहे किंवा नाही हे ठरविण्याचे काम विधिमंडळाचे आहे आणि नव्या अटींमुळे वेदना पुष्कळ अंशी कमी होते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या दोन निर्णयांची तुलना नेहमी 'वेदना विरुद्ध संस्कृती' अशी केली जाते. ही तुलना खोटी नाही, पण ती अपुरी आहे. दोन्ही निर्णयांपुढे प्रश्नच शर्यतीचा होता. त्यामुळे जो बैल वर्षातून मोजके दिवस मैदानावर उतरतो, त्याच्या वेदनेचा बारकाईने ऊहापोह झाला. शर्यतीच्या बाजूने एक व्यावहारिक युक्तिवादही होता. शर्यतीमुळे खिलार जातीचा बैल टिकतो, त्याला खुराक मिळतो आणि त्याची निगा राखली जाते. हा युक्तिवाद पूर्णतः नाकारता येत नाही. परंतु त्यातून एक अप्रिय सत्यही बाहेर पडते. बैलाची निगा राखायची तर त्याला प्रतिष्ठेचे साधन व्हावे लागते. केवळ कष्ट करणाऱ्या बैलाला ती निगा मिळत नाही, अशी ही अप्रत्यक्ष कबुली आहे.

गोवंशाच्या वादातही असेच घडले. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये अमलात आली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. बैलाने कसे मरू नये हे कायद्याने ठरविले. म्हातारा बैल विकता येत नसेल तर अल्पभूधारकाने त्याला कसे पोसावे, आणि तोवर तो कसा जगावा, हे प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवंशाची संख्या सुमारे १५५ लाखांवरून सुमारे १४० लाखांवर आली. यांत्रिकीकरण, चाऱ्याची टंचाई आणि दुष्काळ ही या घटीमागील कारणे आहेतच, परंतु बैल ठेवणे परवडत नाही ही भावनाही त्यांत आहे.

उसाचा बैल

ऊस गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हटले जाते. ज्यांच्याकडे बैल आहेत, ते गाडीवान म्हणून येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर काम करून फेडायची असते. पुष्कळ ठिकाणी बैल गाडीवानाचे आणि टायरची गाडी कारखान्याची असते. मजुरी टनावर मिळते.

या व्यवस्थेत बैलाच्या वाट्याला काय येते, ते समजण्यास फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. पहाटे थंडीत तोड सुरू होते, मोळ्या बांधून गाडी भरली जाते, फडातील भुसभुशीत वाटेने ती रस्त्यावर काढली जाते. गाडी दोन चाकी असल्याने भार पुढे पडला तर तो थेट बैलांच्या मानेवर येतो आणि मागे पडला तर गाडी उलाळ होते. डांबरी रस्त्यावर पत्री मारलेले खूर घसरतात. कारखान्याच्या आवारात गाडीला नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. खाद्य म्हणजे बहुतांशी उसाचे वाढे. रिकामी गाडी घेऊन परतायचे आणि पुन्हा तोडीला लागायचे. टनावर मजुरी असल्यामुळे प्रत्येक जादा मोळी म्हणजे उचलीचा थोडासा अंश फिटणे होय. गाडीवान क्रूर असतो म्हणून गाडी जास्त भरत नाही. कर्ज त्याला भरायला लावते.

या बैलासाठी कायदा नाही असे मात्र नाही. १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात जनावरावर जास्त ओझे लादणे, त्याला मारहाण करणे, आजारी वा जखमी जनावर कामाला जुंपणे हे गुन्हे ठरविले आहेत. त्याच कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकाम व ओझेवाहू जनावरांसंबंधी नियम झाले. जनावर लहान, मध्यम की मोठे, गाडीला हवेचे टायर आहेत की नाहीत, यांवर ओझ्याची मर्यादा ठरविली गेली. चढाच्या रस्त्यावर ती आणखी कमी होते. दिवसात ९ तासांपेक्षा अधिक आणि सलग ५ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपू नये, टोकदार आर लावलेली काठी वापरू नये, असे हे नियम आहेत. मार्च-एप्रिलमधील इंदापूरची दुपार ज्याने पाहिली आहे, त्याला यातील तापमानाचा नियम किती नेमका आहे आणि किती विस्मृतीत गेला आहे, हे वेगळे सांगायला नको.

दोन मोजमापे

येथे एक विसंगती स्पष्टपणे मांडली पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार शर्यतीच्या अटींचा भंग करून बैलाला यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ११ व्या कलमानुसार बैलावर बेसुमार ओझे लादल्याचा पहिला गुन्हा सिद्ध झाला तर १९६० च्या कायद्याने ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. बैल तोच आणि वेदनाही तीच. ती मैदानावर झाली तर तिची किंमत पाच लाखांपर्यंत जाते आणि कारखान्याच्या रस्त्यावर झाली तर पन्नास रुपयांवर थांबते. समाज ज्या वेदनेकडे पाहतो तिचीच किंमत कायदा वाढवितो, असा याचा अर्थ होतो.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. ऊसतोड कामगाराच्या मुलांच्या शिक्षणाची आबाळ होते, कोपीत राहणाऱ्या स्त्रीच्या आरोग्याचे हाल होतात, अशा स्थितीत बैलाची चिंता करणे ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय? हा आक्षेप टाळता येणार नाही. दंड वाढवून तो गाडीवानाच्या माथी मारला तर पशुकल्याणाच्या नावाखाली सर्वांत दुबळ्या माणसालाच शिक्षा होईल. परंतु आक्षेपाचा तर्क नीट तपासला तर तो उलट दिशेने जातो. बैलाचा खांदा आणि गाडीवानाची उचल ही दोन स्वतंत्र दुःखे नाहीत. टनामागची मजुरी अपुरी असल्यानेच ओझे वाढते. बैल दगावला तर गाडीवानाचे कर्ज दुप्पट होते. फुले यांनी ज्या रीतीने बैल आणि शेतकरी यांचा एकत्र विचार केला, त्याच रीतीने येथे बैल आणि गाडीवान यांचा विचार करणे भाग आहे.

तसे केले तर जबाबदारीचे ठिकाणही बदलते. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचे भरलेले आणि रिकामे वजन नोंदविले जाते. ओझ्याची मर्यादा कोणत्या गाडीने, कोणत्या दिवशी ओलांडली, हे सांगू शकणारी नोंद हंगामातील प्रत्येक दिवशी तयार होते. इतर कोणत्याही पशुक्रौर्याच्या बाबतीत इतका सहज पुरावा उपलब्ध नसतो. तो असूनही वापरला जात नाही, कारण तो काटा उसासाठी आहे, बैलासाठी नाही. मर्यादेपेक्षा जास्त भरलेली गाडी परत पाठविण्याऐवजी तिच्या मालकीची, टायरची, भरण्याच्या पद्धतीची आणि मजुरीच्या दराची जबाबदारी कारखान्याने घेतली, तर दंडाशिवायही पुष्कळ साधता येईल. आवारात सावली, पाण्याचा हौद, पशुवैद्यकाची फेरी आणि बैलगाड्यांना लवकर नंबर या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत.

तंत्राच्या बाजूनेही मार्ग नाहीत असे नाही. प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा आणि ओढकामाच्या जनावरांच्या कल्याणाचा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशापुढे सातत्याने मांडला. सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये 'सारथी' नावाचे उपकरण तयार केले. बैलांच्या मध्ये, जूच्या खाली टेकणारे एक जादा चाक असे त्याचे स्वरूप असून मानेवरचा भार त्यामुळे हलका होतो. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर दूरवर पसरले आणि त्याचे मोठे कौतुक झाले. लोकांना उसाच्या बैलाविषयी कणव नाही असे म्हणता येत नाही, हे यातून दिसते. ती कणव कौतुकापुरती राहिली, व्यवस्थेच्या मागणीत तिचे रूपांतर झाले नाही, एवढेच म्हणता येते.

दुसरीकडे ट्रॅक्टर, लहान जुगाड वाहने आणि ऊसतोडणी यंत्रे यांमुळे बैलगाडी हळूहळू मागे पडत आहे. हा प्रश्न यंत्राने आपोआप सुटेल असे म्हणणारेही आहेत. युरोपात तसे घडले, पण तेथे कामाचे जनावर गेल्यावर त्याच्या जागी पिंजऱ्यातील जनावर आले. इंदापूर-बारामतीतही बैलाची दावण रिकामी होत असताना संकरित गाईंची दावण भरत आहे. या गाईला होणारा गोऱ्हा ओढकामाला फारसा उपयोगी पडत नाही आणि बाजारातही त्याला किंमत येत नाही. त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न गावात मोठ्याने विचारला जात नाही. याच परिसरात मुक्त संचार गोठ्याची पद्धत रुजू लागली, ही आशेची बाजू आहे. जनावराला मोकळे फिरू दिले तर दुधालाही तोटा होत नाही, हे अनुभवाने पटल्यावर शेतकऱ्याने ते स्वीकारले. कल्याण आणि उपजीविका यांचा मेळ बसला तर उपदेशाची गरज उरत नाही.

समारोप

पशुकल्याणाविषयीची जागतिक दृष्टी वेदनेचे मोजमाप करते आणि महाराष्ट्राची पारंपरिक दृष्टी नात्याचा मान राखते. या दोन्ही दृष्टी मौलिक आहेत. शर्यतीच्या वादात त्या परस्परांविरुद्ध उभ्या केल्या गेल्या आणि त्या झगड्यात दोन्ही पक्षांना मैदानापलीकडचा बैल दिसेनासा झाला. वास्तविक खांदेमळणीच्या विधीत या दोन्ही दृष्टी एकत्र आलेल्या आहेत. तेथे नाते आहे आणि वेदनेची कबुलीही आहे. ज्या समाजाने बैलाच्या सुजलेल्या खांद्यावर हात फिरवून सणाचा आरंभ केला, त्या समाजाला कामाच्या दिवसाची कसोटी परकी वाटण्याचे कारण नाही.

वरकुट्याच्या परिसरातील लोकमत पशुकल्याणाला अनुकूल आहे की प्रतिकूल, हा प्रश्न त्यामुळे फारसा उपयोगाचा ठरत नाही. ते अनुकूलच आहे. परंतु ते पोळ्याच्या दिवशी व्यक्त होते, शर्यतीच्या फलकावर दिसते आणि हंगामात मावळते. ते हंगामातही जागे राहावयाचे असेल, तर आरंभ वजनकाट्यापासून करावा लागेल. उसाचे वजन तेथे आजही किलोपर्यंत अचूक घेतले जाते. त्याच काट्यावर बैलाच्या खांद्यावरील ओझेही वाचले जाणे, ही आजच्या काळातील खांदेमळणी ठरेल.